पाणी मागे गेलं की पळायचं, पण ते मागे गेलंच नाही तर?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "आमचं घर अलिबागच्या पुढे किनाऱ्याला लागून आहे, घरात दोन लहान मुलं आणि म्हातारी आई. त्सुनामी होते कशी, इतक्या लांबून येते कशी, आणि कोकणात खरंच येऊ शकते का? आम्हाला एवढंच माहितीये की समुद्र मागे गेला की पळायचं."

मी तुमच्या शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करतो, कारण मला सगळ्यात जास्त काळजी त्याचीच वाटली. समुद्र अचानक मागे गेला तर पळायचं हे शंभर टक्के बरोबर आहे. पण ती अर्धीच गोष्ट आहे, आणि जो माणूस एवढीच खूण धरून बसलाय तो मागे न गेलेला समुद्र बघून निवांत उभा राहतो. २६ डिसेंबर २००४ ला थायलंडच्या बाजूला पाणी आधी ओसरलं, खडक उघडे पडले, लोक कौतुकानं पुढे बघायला गेले, ते व्हिडिओ आपण सगळ्यांनीच पाहिलेत आणि तेच डोक्यात बसलंय. आपल्या तमिळनाडूच्या किनाऱ्यावर मात्र पहिल्यांदा आलं ते चढणारं पाणी. ओसरलं ते त्यानंतर, दोन लाटांच्या मध्ये. महाबलीपुरमला समुद्र आत गेला आणि वाळूखालचे जुने दगड दिसले म्हणतात ना, तशी दृश्यं खरी आहेत, पण पाण्याची पहिली चाहूल म्हणून त्यांची वाट बघत बसलेल्या माणसाला वेळच मिळाला नसता.

असं दोन किनाऱ्यांवर उलट-सुलट का झालं, याचं उत्तर त्सुनामी होते कशी यातच आहे.

सुमात्रापासून अंदमानपर्यंत समुद्राखाली भारताची प्लेट, म्हणजे पृथ्वीच्या कवचाचा भलामोठा तुकडा, पूर्वेकडच्या प्लेटखाली सरकते. सरकते म्हणजे रोज गुळगुळीत सरकत नाही, अडकून बसते. पावसाळ्यात लाकडी दार फुगून चौकटीत कसं अडकतं, आपण जोर लावत राहतो, दार वाकतं पण उघडत नाही, आणि मग एकदम सटकन सुटतं, तसंच. वरची प्लेट शेकडो वर्षं खालच्या प्लेटबरोबर ओढली जाऊन वाकत राहते आणि एक दिवस सुटते. २००४ ला सकाळी ६ वाजून २८ मिनिटांनी (आपल्या वेळेनुसार) ती सुटायला लागली आणि आठ-दहा मिनिटं सुटतच राहिली, सुमात्राच्या टोकापासून उत्तरेला अंदमानपर्यंत साधारण १२००-१३०० किलोमीटर. मॅग्निट्यूड ९.१. सुटताना प्लेटची समुद्राकडची, म्हणजे पश्चिमेची कड वर उसळली आणि तिच्या मागची पूर्वेकडची बाजू खाली बसली. खाली बसली हे नुसतं नकाशावरचं नाही, ग्रेट निकोबारच्या टोकाला इंदिरा पॉइंटचं दीपगृह आहे, तिथली जमीन चार मीटरच्या वर खचली आणि दीपगृहाचा पाया समुद्रात गेला.

आता पाण्याचा विचार करा. समुद्राचा तळ काही मिनिटांत वर उचलला गेला की वरचं पाणी कुठे जाणार, तेही तितकंच वर उचललं जातं, आणि तळ बसला की पाणीही बसतं. परातीत पाणी भरून ठेवा आणि खालून एका बाजूला हातानं ढुशी द्या, अख्ख्या परातीतलं पाणी हलतं, नुसता वरचा थर नाही. तेच. भारताच्या बाजूला फुगवटा होता म्हणून आपल्याकडे आधी पाणी चढलं, थायलंडच्या बाजूला खळगा होता म्हणून तिथे आधी ओसरलं. एकच भूकंप, एकच त्सुनामी, तुम्ही कुठल्या बाजूला उभे आहात यावर पहिली खूण ठरते.

इथे एक गैरसमज काढून टाकतो, मोठा भूकंप म्हणजे मोठी त्सुनामी असं नसतं. ११ एप्रिल २०१२ ला त्याच सुमात्राच्या बाहेर ८.६ चा भूकंप झाला, चेन्नईत इमारती हलल्या, लोक ऑफिसं सोडून रस्त्यावर आले, सगळ्यांना २००४ आठवलं. पण त्या भूकंपात तळ वर-खाली झाला नाही, दोन बाजू एकमेकींना घासून आडव्या सरकल्या, पाणी उचललंच गेलं नाही, आणि सुमात्राच्या किनाऱ्यावर जास्तीत जास्त साधारण मीटरभर पाणी चढलं. उलटंही होतं. २२ डिसेंबर २०१८ ला इंडोनेशियात अनाक क्राकाताऊ ज्वालामुखीचा एक अंग समुद्रात कोसळला, मोठा भूकंप नाहीच, कुठला हादरा नाही, रात्रीची वेळ, चारशेच्या वर माणसं गेली. आणि आपल्याकडे नेहमी विचारतात म्हणून सांगतो, कोयनेचा किंवा डहाणू-पालघरचा धक्का बसला तर त्यानं त्सुनामी येत नाही. ते जमिनीखालचे भूकंप, समुद्राचा तळ हलवण्याची त्यांची ताकदही नाही आणि जागाही नाही.

आता प्रवास. लाट म्हटलं की आपल्या डोळ्यापुढे किनाऱ्यावर फुटणारी लाट येते, आणि सगळा घोळ तिथेच होतो. वाऱ्यानं उठणाऱ्या लाटेत पाणी हलतं ते वरवरचं, एका लाटेमागून दुसरी यायला आठ-दहा-पंधरा सेकंद लागतात, शे-दोनशे मीटर खाली गेलात तर तिथे शांत. त्सुनामीत तळापासून वरपर्यंत सगळं पाणी हलतं, एका शिखरापासून दुसऱ्या शिखरापर्यंतचं अंतर शंभर-दोनशे किलोमीटर किंवा त्याहून जास्त, आणि एक फेर यायला दहा मिनिटांपासून तासाभरापर्यंत वेळ लागतो. इतकी लांब लाट म्हणजे समुद्र कितीही खोल असला तरी तिच्यासाठी उथळच, म्हणून तिचा वेग फक्त खोलीवर ठरतो. हिशोब सोपा आहे, खोलीला ९.८ नं गुणायचं आणि वर्गमूळ काढायचं, सेकंदाला किती मीटर ते मिळतं. चार हजार मीटर खोलीवर ताशी साधारण ७०० किलोमीटर, म्हणजे विमानाच्या जवळपास. पन्नास मीटरवर ताशी ८०. दहा मीटरवर ताशी ३६, म्हणजे तुमच्या-माझ्या पळण्यापेक्षा तरीही जास्तच.

आणि खोल समुद्रात ती दिसत नाही. २००४ ला भूकंपानंतर दोन तासांनी जेसन-१ नावाचा उपग्रह योगायोगानं बंगालच्या उपसागरावरून गेला, त्यानं मोजलेली लाट होती साठेक सेंटिमीटर. शेकडो किलोमीटरवर पसरलेले साठ सेंटिमीटर, होडीतल्या माणसाला काय कळणार. जपानी भाषेत 'त्सु' म्हणजे बंदर आणि 'नामी' म्हणजे लाट. बाहेर मासेमारीला गेलेल्या लोकांना समुद्रात काहीच जाणवायचं नाही आणि परत आल्यावर बंदर उद्ध्वस्त झालेलं दिसायचं, म्हणून बंदरातली लाट. नागपट्टिणमला मला एका तांडेलानं, म्हणजे मासेमारी बोटीच्या प्रमुखानं, अगदी हेच सांगितलं, त्याचा भाचा हिंदीत समजावून सांगत होता: आम्ही बाहेर होतो, पाणी नेहमीसारखंच होतं, परत वळलो तेव्हा समुद्रात तरंगताना पहिली गोष्ट दिसली ती घराचं छप्पर.

मग साठ सेंटिमीटरचे चार-पाच मीटर कसे होतात? एक्स्प्रेसवेवर गाड्या मोकळ्या अंतरानं पळत असतात आणि खालापूरच्या टोलनाक्याला पुढच्या हळू झाल्या की मागच्या येऊन चिकटतात, गाड्या तेवढ्याच पण रस्ता खचाखच. उथळ पाण्यात लाटेचं पुढचं टोक हळू होतं, मागचं पाणी अजून खोलात असल्यानं वेगातच येत असतं, ते पुढच्यावर चढतं. अंतर कमी झालं, उंची वाढली. नुसत्या खोलीच्या हिशोबानं चार हजार मीटरवरून दहा मीटरवर येताना उंची साधारण साडेचार पट होते, त्यावर मग तुमच्या किनाऱ्याचा आकार, खाडी, नदीचं मुख, समोरचा तळ, यांचा परिणाम वेगळा. म्हणून शेजारशेजारच्या दोन गावांत एकीकडे कमरेएवढं पाणी आणि दुसरीकडे छपरावरून, असं होतं.

या 'किती पाणी आलं' चं माझं काम होतं म्हणून तिथे जरा थांबतो. मी टाइड गेज, म्हणजे समुद्राच्या पाण्याची पातळी नोंदवणारी यंत्रं बसवणं, किनाऱ्याची पातळी मोजणं हे काम तीसेक वर्षं करतोय, आणि जानेवारी २००५ मध्ये आमची तुकडी नागपट्टिणम भागात पाण्याच्या खुणा मोजायला गेली होती. अक्कराईपेट्टै नावाचं मच्छीमारांचं गाव आहे, बंदराच्या पलीकडे, मधल्या पुलावर मोठाल्या बोटी एकमेकींवर चढून बसल्या होत्या. आमचं काम म्हणजे ज्या भिंती उभ्या राहिल्यात त्यांच्यावर पाण्याची रेघ शोधायची, ऑटो लेव्हल (पातळी मोजायची दुर्बीण) लावायची, स्टाफ म्हणजे आकडे लिहिलेली उंच पट्टी धरायची आणि ती उंची समुद्राच्या पातळीपर्यंत उतरवत न्यायची, मग त्या वेळी भरती किती होती ते वजा करायचं. बाहेरच्या भिंतीवरची रेघ घ्यायची नाही, तिथे पाणी उडालेलं असतं, आकडा फुगतो. घराच्या आत जायचं, कारण खोलीत पाणी शिरून थोडा वेळ स्थिर राहतं आणि चिखलाची एकदम सरळ रेघ सोडून जातं, चुना लावलेल्या भिंतीवर तपकिरी पेन्सिलनं आखल्यासारखी. एका घरात मला एक नाही, तीन रेघा दिसल्या. एक छातीच्या उंचीला, एक माझ्या डोक्याच्या वर, आणि एक गुडघ्याशी. घरातल्या आजी दारातच बसून होत्या. मी सगळ्यात वरच्या रेघेवर स्टाफ लावला तेव्हा त्यांनी बसल्या जागेवरून दोन बोटं वर केली. दुसऱ्या फेरीतलं पाणी.

हे सगळ्यांना कळलं पाहिजे असं मला मनापासून वाटतं. त्सुनामी एकदा येऊन जात नाही. ती परातीतल्या पाण्यासारखी हेलकावे खात राहते, तासन्‌तास, कधी दिवसभर, आणि पहिला फेर सगळ्यात मोठा असेलच असं नाही. श्रीलंकेत पेरालियाला एक प्रवासी रेल्वे पहिल्या पाण्यानं थांबली, आजूबाजूच्या गावातले लोक आता रेल्वेचा आडोसा सुरक्षित म्हणून तिच्या डब्यांत चढले, तिच्या मागे जाऊन उभे राहिले, आणि दुसरं पाणी त्याहून मोठं आलं. हजाराच्या वर माणसं त्या एका ठिकाणी गेली. पहिलं पाणी ओसरल्यावर माणूस काय करतो तर मुलं शोधायला, जाळी-इंजिन बघायला, कपाटातले पैसे घ्यायला परत खाली येतो. त्यात कुणाचाच दोष नाही, त्याला कुणी सांगितलेलंच नसतं.

आणि ते पाणी दिसतं कसं, तर चित्रातल्या जपानी लाटेसारखं वळण घेऊन फुटणारं बहुतेक वेळा नसतं. भरती येते तशीच येते, फक्त सहा तासांची भरती पाच-दहा मिनिटांत, आणि थांबत नाही. चढत राहतं. एक घनमीटर पाणी म्हणजे एक टन वजन, ते ताशी वीस-तीस किलोमीटरनं येतंय आणि त्यात नुसतं पाणी नाही, होड्या, डिझेलचे ड्रम, पत्रे, विटा, तारा, झाडं, सगळं. गुडघ्याएवढ्या वाहत्या पाण्यात मोठा माणूस उभा राहू शकत नाही. नागपट्टिणम भागात पाण्याची उंची बऱ्याच ठिकाणी चार मीटरच्या आसपासच होती, आकडा ऐकून लोकांना कमी वाटतो, पण किनारा इतका सपाट की पाणी काही ठिकाणी अर्ध्या किलोमीटरच्याही पुढे आत गेलं, आणि एकट्या त्या जिल्ह्यात सहा हजारांवर माणसं गेली. नाताळच्या दुसऱ्या दिवशी वेलांकण्णीला यात्रेकरूंची गर्दी होती, आपल्या गोव्यातून, वसईतून लोक तिथे जातातच, चर्च थोडं उंचावर म्हणून तिथवर पाणी पोचलं नाही, खाली किनाऱ्यावर असलेले वाचले नाहीत.

"आम्ही तर पश्चिम किनाऱ्यावर, सुमात्राकडे आमची पाठ" असं म्हणणाऱ्यांना केरळ दाखवावं लागतं. कोल्लमजवळ आलप्पाड म्हणून गाव आहे, एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कायल म्हणजे खाडीचं पाणी, मधे अरुंद पट्टी. तिथे शंभरावर माणसं दगावली. मधे अख्खी श्रीलंका आडवी असताना! लाट श्रीलंकेच्या टोकाला वळसा घालून आली, खडकाला वळसा घालून पाणी मागे येतं तशी. गोव्यापर्यंत पोचताना तिचा जोर गेला होता, तरी मुरगाव बंदराच्या टाइड गेजवर ती नोंदली गेली आहे.

आता तुमचा खरा प्रश्न, कोकण. येऊ शकते, आणि आलेली आहे. पाकिस्तान-इराणच्या किनाऱ्याला मकरान म्हणतात, तिथेही सुमात्रासारखीच एक प्लेट दुसरीखाली जाते. २८ नोव्हेंबर १९४५ ला, पहाटे साडेतीनच्या सुमाराला तिथे ८.१ चा भूकंप झाला. पसनी, ओरमारा ही गावं बुडाली. आणि सकाळी सव्वाआठच्या सुमाराला पाणी मुंबईत आलं. दोनेक मीटर चढलं, नांगरलेल्या बोटी सुटून गेल्या, वर्सोवा, हाजी अली धरून मुंबईत पंधराएक माणसं गेली. दोन मीटर म्हणजे फार नाही असं वाटेल, पण ती १९४५ ची मुंबई होती. आज त्याच जागांवर पाण्याच्या काठाला किती वस्ती आहे ते तुम्ही रोज बघताच.

त्या पाच तासांकडे जरा नीट बघा, कारण कोकणाच्या दृष्टीनं सगळी आशा त्यातच आहे. मकरान ते मुंबई अंतर अकराशे-बाराशे किलोमीटर. खोल अरबी समुद्रात तीन हजार मीटर पाण्यावर ताशी सहाशेनं ती दीड तासात आठ-नऊशे किलोमीटर येते. मग मुंबईच्या बाहेर साधारण तीनशे किलोमीटर पसरलेला उथळ कट्टा लागतो, भूगोलाच्या पुस्तकात ज्याला समुद्रबूड जमीन म्हणायचे. किती उथळ, तर बॉम्बे हाय किनाऱ्यापासून दीडशे-एकशेसाठ किलोमीटर बाहेर आहे आणि तिथेही पाणी पंचाहत्तर मीटरच. या कट्ट्यावर लाटेचा वेग ताशी नव्वद-शंभरवर येतो आणि पुढे आणखी कमी होतो, म्हणजे शेवटच्या तीनशे किलोमीटरला तीन तासांच्या वर. दीड आणि साडेतीन, पाच. १९४५ ची वेळ बरोबर बसते. हा कट्टा लाटेची बरीच ताकदही खातो. खाली रत्नागिरी, गोव्याकडे तो अरुंद होत जातो, म्हणून तिकडे कट्ट्यावरचा हा उशीर कमी धरायचा.

पण याची दुसरी बाजू नीट समजून घ्या. आपण जगभर शिकवतो की किनाऱ्यावर असताना मोठा हादरा बसला, मिनिटभर जमीन हलत राहिली, तर सायरनची वाट न बघता उंचावर जा. सुमात्राजवळच्या सिमेउलुए बेटावर १९०७ च्या त्सुनामीची आठवण आजी-आजोबांनी गोष्टींतून, गाण्यांतून जिवंत ठेवली होती, 'स्मोंग' म्हणतात तिला, जमीन हलली आणि समुद्र ओसरला की डोंगरावर. २००४ ला सत्तर-ऐंशी हजार लोकांच्या त्या बेटावर सात माणसं गेली, फक्त सात, आणि शेजारी सुमात्राच्या आचे भागात दीड लाखाच्या वर. पण तुमच्या घराला हे जसंच्या तसं लागू नाही. मकरान हजार किलोमीटर लांब, तिथला हादरा अलिबागला झोपलेल्या माणसाला जागं करेल याची काहीच खात्री नाही. आणि मकरानलाही समुद्राकडची कड उसळते, म्हणजे आपल्या दिशेला आधी फुगवटा, आपल्याकडे आधी पाणी ओसरण्यापेक्षा चढण्याचीच शक्यता जास्त. म्हणजे जमीन हलणार नाही, पाणी मागे जाणार नाही. दोन्ही नैसर्गिक खुणा नाहीत. तुमच्याकडे काय आहे, तर फक्त वेळ आणि इशारा.

इशाऱ्याची व्यवस्था २००४ ला नव्हती. निकोबारला पाणी शिरलं तेव्हा चेन्नईच्या हातात दोन तास होते, ते तसेच गेले, मला अजूनही त्याचं वाईट वाटतं. आता हैदराबादला इन्कॉइस या समुद्राची माहिती देणाऱ्या सरकारी संस्थेत २००७ पासून त्सुनामी इशारा केंद्र चालू आहे. भूकंप झाला की दहाएक मिनिटांत पहिलं बुलेटिन निघतं, आधीच चालवून ठेवलेल्या हजारो मॉडेलमधून कुठल्या किनाऱ्याला किती पाणी हे काढतात, मग समुद्राच्या तळाशी ठेवलेले प्रेशर सेन्सर आणि किनाऱ्यावरचे टाइड गेज खरंच लाट निघाली का ते सांगतात, तीन-चार किलोमीटर पाण्याखालचा सेन्सर सेंटिमीटरभर फरक पकडतो. वॉर्निंग, अलर्ट आणि वॉच असे तीन प्रकार असतात. वॉर्निंग म्हणजे किनारा सोडायचा, अलर्ट म्हणजे पुळणीवर, जेटीवर, खाडीच्या काठाला जायचं नाही, वॉच म्हणजे कान उघडे ठेवायचे. आकडे पुढच्या बुलेटिनमध्ये बदलतात, त्याला 'यांना काही कळत नाही' म्हणू नका. २०११ ला जपानमध्ये पहिल्या अंदाजात भूकंप ७.९ चा धरला गेला, प्रत्यक्षात ९ चा निघाला, पहिला आकडा ऐकून 'आमची भिंत पुरेल' म्हणून थांबलेले काही लोक गेले. तारो गावाची भिंत तर दहा मीटर उंच, जगभर नावाजलेली, पाणी तिच्यावरून गेलं.

कांदळवनं, सुरूचं बन, वाळूच्या टेकड्या यांचं विचारतात. ठेवाच, तोडू देऊ नका, पाण्याचा वेग त्यांनी नक्की कमी होतो आणि वाहत येणाऱ्या होड्या अडतात. पण त्यांच्या भरवशावर घरात बसून राहायचं नाही. आणि खाडी विसरू नका, लोक फक्त समोरच्या समुद्राकडे बघतात. रेवदंडा, बाणकोट, दाभोळ, जयगड, सगळीकडे खाडीचं तोंड म्हणजे पाण्याला मोकळा रस्ता, ते खाडीतून आत जाऊन वाडीच्या मागच्या बाजूनं येऊ शकतं. शिवाय आपल्याकडे भरतीचा फरक प्रचंड, मुंबईत उधाणाला साडेचार-पाच मीटर. दोन मीटरची त्सुनामी पूर्ण सुकतीला आली तर कदाचित पुळण ओली होऊन थांबेल, आणि तीच अमावास्येच्या भरतीवर आली तर कधी पाणी न पाहिलेल्या घरात शिरेल. पाच-सहा तास हेलकावे चालणार म्हणजे मधे भरती येणारच, म्हणून 'आत्ता सुकती आहे' हा आधार धरू नका.

मच्छीमारांना सांगतात की खोल पाण्यात, पन्नास-साठ वावाच्या, म्हणजे शंभरेक मीटर खोलीच्या पुढे जा. तमिळनाडूत ते जमतं, अलिबागहून तेवढं पाणी गाठायला दीडशे किलोमीटरच्याही पुढे जावं लागेल, म्हणून आपल्याकडे वेगळं सांगावं लागतं: जे बाहेर आहेत त्यांनी बाहेरच राहावं, बंदरात येऊ नये, आणि जे बंदरात आहेत त्यांनी बोट वाचवायच्या मागे न लागता माणसं वर न्यावीत. हे एका तांडेलाला सांगणं किती जड आहे मला माहितीये, बोटीवर कर्ज असतं. पण नागपट्टिणमच्या पुलावरच्या त्या बोटी मी पाहिल्यात, नांगर घट्ट असून काही उपयोग झाला नव्हता.

रत्नागिरी-सिंधुदुर्गात देवानं एक सोय करून ठेवलीय, वाडीच्या मागेच डोंगर, पाखाडी चढून दहा मिनिटांत माणूस सड्यावर. तुमच्याकडे तसं नाही, नारळी-पोफळीच्या सपाट वाड्या आणि एकच रस्ता, सगळे एकदम गाड्या काढतील तर तिथेच अडकतील. म्हणून तुमच्यासाठी दोन जागा ठरवा. एक, किनाऱ्यापासून आणि खाडीपासूनही लांब, जरा चढावरची, जिथे चालत जाता येईल. दुसरी, वेळ कमी असेल तेव्हासाठी, जवळची चांगल्या बांधणीची स्लॅबची इमारत, दुसऱ्या मजल्याच्या वर, पुळणीपासून जितकी आत तितकी बरी, शाळा असेल तर उत्तम, आणि तिच्या किल्ल्या रात्री कुणाकडे असतात ते आजच विचारून ठेवा. ओडिशात वेंकटरायपूर आणि नोलियासाही या दोन गावांनी नेमकं हेच केलं, नकाशे काढले, पाट्या लावल्या, सराव केला, २०२० मध्ये त्यांना युनेस्कोची 'त्सुनामी रेडी' मान्यता मिळाली. तुमच्या ग्रामपंचायतीला दाखवायला उदाहरण म्हणून चांगलं आहे.

फोनवर एनडीएमएचं (राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचं) सचेत अ‍ॅप टाका, तुमच्याही आणि शेजारच्यांच्याही. पाण्याची बाटली, टॉर्च, आईंची औषधं आणि कागदपत्रं एका पिशवीत दाराशी. आणि एक काम या आठवड्यातच करा: एका रात्री जेवणं झाल्यावर आईंचा हात धरून, मुलांना घेऊन, त्यांच्या चालीनं घरापासून त्या जागेपर्यंत चालत जा आणि घड्याळ लावा. पंचवीस मिनिटं लागली तर पंचवीस, चाळीस लागली तर चाळीस. तो आकडा पिशवीवर मार्करनं लिहून ठेवा. इशाऱ्यात पाणी पोचायची वेळ दिलेली असते, त्यातून तो वजा करायचा, वर तासाभराची सवड धरायची, की निघायची वेळ कळते. वर पोचलात की सरकारी यंत्रणा 'धोका टळला' म्हणेपर्यंत खाली यायचं नाही, मग पाणी कितीही शांत दिसत असो.